कवळीकाका आणि उत्तेजन समिती

आमच्या चर्चच्या मंडळीतलं निम्मं हसू कवळीकाकांच्या हातचं आहे. तीन-चार दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे मापं यायची आणि काका त्यांच्या कवळ्या करून द्यायचे. जिना चढून गेलं की उजवीकडे त्यांच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत ते आणि काकू राहायचे, पुढच्या खोलीत जबडे. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीनं फक्त नंबर. नाव त्यांनी कधी लिहिलं नाही. कोण झोपेत दात खातं, कोण रागानं आवळतं, हे त्यांना झिजलेल्या कवळीवरून कळायचं. पण कुणाला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. रविवारी उपासनेत मागून तिसऱ्या बाकावर बसायचे आणि गीत सुरू झालं की समोर उघडमीट करणारं आपलं काम निमूट बघायचे.

काकू म्हणजे दुसरं टोक. त्यांचा आवाज खणखणीत आणि विश्वास त्याहून खणखणीत. रोज जेवणाआधी त्या प्रार्थना करायच्या. त्या प्रार्थनेत शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, पाळकांचा खोकला, सगळे यायचे. अन्न निवून जायचं. शेवटी काका म्हणायचे, "आमेन." चाळीस वर्षं घरात ही वाटणी होती आणि दोघांचीही काही तक्रार नव्हती.

मग काकू गेल्या. तीन आठवड्यांचं दुखणं झालं आणि खेळ आटोपला. मातीला सगळी मंडळी लोटली. जो तो काकांचा हात दाबून काही ना काही सुनावून जात होता. एकानं सांगितलं, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." काकांनी त्याला शांतपणे विचारलं, "आणि म्हणून आपण दोघं अजून इथं का?" त्या गृहस्थांना ते आजही आवडलेलं नाही.

पुढचे तीन रविवार काका आले. चौथ्याला आले नाहीत, पाचव्यालाही नाही.

आता अशा प्रसंगासाठीच आमच्या मंडळीत एक उत्तेजन समिती आहे. विश्वासात ढिले पडलेल्यांना उभारी देणं, हे तिचं काम. सात सभासद, एक रबरी शिक्का, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शाळा तपासनीस. आयुष्यभर दुसऱ्याच्या वर्गात शिरून चुका काढल्यामुळे उत्तेजन देण्याचा अधिकार आपल्याला आपोआप आला आहे, अशी त्यांची समजूत होती. मी समितीचा चिटणीस. म्हणजे बाकीचे बोलतात ते लिहून घेणारा. तेव्हा पुढं जे सांगतोय त्यात माझीही अब्रू जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काका दिसत नाहीत हा विषय पहिल्या सभेत निघाला. भेटीला दोघांनी जावं की तिघांनी, यावर चर्चा झाली. दुसऱ्या सभेला चारच जण आले, म्हणून निर्णय लांबणीवर पडला. तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी एक छापील तक्ता मांडला: भेट दिलेल्याचं नाव, निराशेचं कारण, दिलेलं वचन, झालेला परिणाम. 'परिणाम' या रकान्यात 'समाधानकारक' आणि 'अतिसमाधानकारक' असे दोनच पर्याय होते. "आणि काहीच परिणाम झाला नाही तर?" असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "ही अविश्वासाची भाषा झाली." मी ते खोडलं.

अशा रीतीनं सातव्या आठवड्यात आमचं घोडं काकांच्या जिन्याशी पोचलं. अध्यक्ष आणि मी. माझ्या हातात तक्ता, त्यांच्या हातात चौकटीत बसवलेलं बायबलमधलं एक वचन, फुलाफुलांच्या वेलबुट्टीचं.

काका मोटरवर कवळी घासत बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, खोलीभर गुलाबी भुकटी. त्यांनी आम्हाला स्टुलं दिली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सुरू झाले. चाळीस मिनिटं. त्यांच्या एका मावसबहिणीनं किती दुःखं भोगली आणि तरी एक रविवार चुकवला नाही. जास्त रडणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण कसं आहे. त्यांनी स्वतः कुठल्या कुठल्या शाळांत शिस्त आणली. दातांच्या कण्या म्हणतात तशा केल्या, फक्त दात काकांनी बनवलेले होते. काका मान हलवत होते. ते ऐकत होते की अध्यक्षांचा जबडा पाहत होते, हे मला सांगता येणार नाही.

बोलता बोलता अध्यक्ष थांबले, गालावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरं, आलोच आहे तर... डावीकडे वरच्या बाजूला जरा टोचतं हो."

"काढा," काका म्हणाले. "खालचीही काढा. एकमेकींवर बसतात का बघतो."

अध्यक्षांनी दोन्ही कवळ्या काढून दिल्या. आणि भाषण बंद पडलं. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, असे आमचे अध्यक्ष रुमालानं तोंड झाकून स्टुलावर बसून राहिले. काका कवळी उजेडात धरून बघत होते. घासायला लागले, थांबले, आणि कवळीकडेच बघत म्हणाले, "मला प्रार्थना येत नाही."

मी पेनाचं टोपण काढलं.

"येतच नव्हती कधी. ती करायची, मी आमेन म्हणायचो. मला वाटायचं, आपला विश्वास आहे. आता रोज जेवायला बसतो आणि वाट बघतो. कुणीच काही बोलत नाही. नुसतं आमेन कशाला म्हणायचं? ज्याच्या आधी काही नाही त्याला?" मोटर सुरू झाली, बंद झाली. "देव आहे की नाही हे मला माहीत नाही, असं मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षं तो तिच्याशीच बोलत होता, असं वाटायला लागलंय. माझी आणि त्याची ओळखच नाही."

अध्यक्षांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "फ..." असा एक वारा बाहेर आला. त्यांनी रुमाल परत लावला.

त्यांचं सोडा, त्यांना दात नव्हते. मला बत्तीस होते. मी काय केलं? तक्त्यावर 'निराशेचं कारण' या रकान्यात 'पत्नीवियोग' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दहा मिनिटांनी काकांनी कवळ्या धुऊन परत दिल्या. अध्यक्षांनी त्या बसवल्या, दोनदा चावून पाहिल्या, खूश झाले आणि म्हणाले, "प्रार्थनेत राहा." मग ती चौकट भिंतीला टेकवून आम्ही निघालो. सभेच्या इतिवृत्तात माझ्या हातचं वाक्य आहे: बंधूंना भरपूर उत्तेजन देण्यात आलं. परिणाम, अतिसमाधानकारक.

काका अर्थातच पुढच्या रविवारीही आले नाहीत.

मंडळीतल्या वेदीवरच्या चादरी आणि गायकांचे झगे एक मावशी इस्त्री करतात. कोपऱ्यावर त्यांचं एका खिडकीएवढं दुकान आहे. मागे एकदा त्यांचं नाव समितीसाठी कुणी सुचवलं होतं, पण 'बोलण्याची पद्धत नाही' म्हणून मागे पडलं. पद्धत खरंच नाही. काकांचे शर्ट त्यांच्याकडे यायचे. दर शनिवारी एक पांढरा. दोन महिने तो आला नाही, तेव्हा मावशी इस्त्रीचं बटण बंद करून थेट जिना चढल्या. पुढचं मला काकांनी स्वतः सांगितलं.

"शर्ट कुठंय?" मावशींनी दारातूनच विचारलं.

"कुठं जायचंच नाही तर शर्ट कशाला?"

"का नाही जायचं?"

काकांनी आम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मावशी जबड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हात्तिच्या! मलाही तीन वर्षं येत नव्हती. पोरगी गेली त्यानंतर. मी उभी राहायचे गायकांचे झगे घेऊन आणि मनात शिव्या द्यायचे देवाला."

"मग?"

"मग काय? तुमची बायको यायची दुकानात. कपडे नसले तरी यायची. स्टूल ओढून बसायची आणि माझ्या वाटची प्रार्थना करून जायची. मी म्हणायचे, बाई, माझा नाही आता विश्वास. ती म्हणायची, नसू दे, सध्या माझ्यातला वापर. तुम्हाला बोलली नाही कधी?"

नव्हत्या बोलल्या. चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीसाठी मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या बाईनं ही एक गोष्ट पोटात ठेवली होती. ते ऐकून आपण पहिल्यांदा रडलो, असं काकांनी मला सांगितलं. जास्त रडले. विश्वास कमी असल्याचं लक्षण.

"आता मी म्हणते, तुम्ही आमेन म्हणा," मावशी म्हणाल्या. "मला शेवट करता येत नाही. कुठं थांबायचं तेच कळत नाही." आणि उभ्या उभ्याच त्यांनी सुरू केलं. त्या प्रार्थनेला शेंडा ना बुडखा. इस्त्रीची वायर तापते, गुडघे धरतात, ती बाई तुझ्याकडे आहे तिला नीट ठेव, हा म्हातारा इथं आहे त्याला आंघोळीची बुद्धी दे. काकांनी मध्येच "आमेन" म्हणून त्यांना थांबवलं, नाहीतर दुकान दिवसभर बंद राहिलं असतं.

दर बुधवारी मावशी येऊ लागल्या. दोन-तीन महिन्यांनी काका परत बाकावर दिसले, कडक इस्त्रीच्या शर्टात. अध्यक्षांनी वार्षिक अहवालात त्याचं श्रेय समितीला दिलं आणि काकांना साक्ष द्यायला उभं केलं. काका म्हणाले, "समिती घरी आली होती. मला उत्तेजन मिळालं. विशेषतः मधली दहा मिनिटं." लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी सर्वांत जास्त. मी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकलो.

गोष्ट इथंच संपली असती तर अध्यक्षांची फजिती एवढाच तिचा अर्थ उरला असता, आणि मला तो चाललाही असता. पण वर्षभरानं अध्यक्षच दिसेनासे झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी नोकरीला असतो. त्याला ते अकरा वर्षं रोज सकाळी मोबाईलवर एक वचन पाठवत होते, खाली एक सूचना जोडून. त्यानं एक दिवस उत्तर पाठवलं: माझा यावर विश्वास राहिलेला नाही, बरीच वर्षं नाही, कृपा करून हे थांबवा. आणि वडिलांचा नंबरच ब्लॉक करून टाकला.

समितीनं लगेच हालचाल करायला हवी होती. पण नियमाप्रमाणे सभा बोलवायचा अधिकार अध्यक्षांना, आणि अध्यक्ष तर निराशेत. आम्ही बाकीचे सहा जण हात चोळत बसलो. काही जणांना तर आतून गुदगुल्याही होत होत्या. त्या काही जणांची नावं सांगत नाही, मीही त्यात होतो.

काका माझ्या दारात आले आणि म्हणाले, "चल."

"सभा झालेली नाही अजून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या. वाटेत मी म्हणालो, "त्यांनी तुम्हाला काय दिलं होतं आठवतंय ना? फुलाफुलांची चौकट."

"आठवतंय की."

"मग कशाला जायचं?"

काका चालत राहिले. "नुसता वरचा जबडा घेऊन कुणी जेवतं का रे? मी केलाय तो प्रयोग. उपाशी मरायला होतं. आणि समोरचा जबडा आपल्याला आवडतो की नाही, हे कुणी विचारत नाही."

अध्यक्षांनी दार उघडलं. घरात पडदे ओढलेले, टेबलावर वर्तमानपत्रांची चळत, घडीसुद्धा न मोडलेली. त्यांनी आमच्याकडे संशयानं बघितलं. "वचन सांगायला आलात?"

"वचनं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत," काका म्हणाले. "बसायला आलोय."

बसलो. काकांनी विचारलं, "मुलगा लहानपणी कसा होता?" अध्यक्ष तपासनिसाच्या आवाजात गणितातले गुण सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्यात त्यांचा आवाज फुटला. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "मी त्याला रोज लिहिलं. एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू कसा आहेस. मी इतरांना काय सांगत हिंडलो? माझ्याच पोराला..." पुढं त्यांना बोलवेना. दोन्ही कवळ्या जागेवर असून बोलवेना. काकांनी आपली खुर्ची त्यांच्या शेजारी नेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुठलाही उपदेश केला नाही. मी मनातल्या मनात तक्ता शोधत होतो.

निघताना काका मला म्हणाले, "प्रार्थना तू कर."

मी कागदाशिवाय कधी प्रार्थना केलेली नाही. त्या दिवशी केली. काय बोललो ते नीट आठवत नाही. मध्येच 'सर्वानुमते' हा शब्द येऊन गेला, तेवढं आठवतं. दोघं म्हातारे "आमेन" म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याची गरज त्यांच्याइतकीच होती. सहा वर्षं मी इतरांच्या विश्वासाचे अहवाल लिहीत होतो. माझ्या विश्वासाची चौकशी कुणी केली नव्हती, मीसुद्धा नाही.

यातून कुणी संत झालं नाही. समिती अजून आहे, शिक्काही आहे. तक्ता मात्र रद्द झाला. अध्यक्ष अजून लांबण लावतात, पण मध्येच दचकून थांबतात आणि समोरच्याला विचारतात, "तुमचं काय म्हणणं?" लोकांना त्याची सवय नसल्यामुळे घाबरायला होतं.

मुलाला त्यांनी यंदा पत्र पाठवलं, पोस्टानं. ते लिहायला चार दिवस लागले. तीन दिवस खोडण्यात गेले. शेवटी उरलं ते एवढंच: कसा आहेस? महिन्याभरानं उत्तर आलं: बरा आहे. तुम्ही? अध्यक्षांनी तो कागद उपासनेनंतर प्रत्येकाला दाखवला, अगदी ज्यांना मुलाचं नावही माहीत नाही त्यांनाही. मग काकांना बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, आता याला काय लिहू?

"बरे नसाल तर बरे नाही असं लिहा," काका म्हणाले.

अध्यक्ष अजून लिहितायत.