सव्वा किलोची यादी

"तुम्हाला कशाला हवा हलका लॅपटॉप? तुमच्या घरात ओझ्याची सवय आहे ना."

सर असं म्हणाले आणि सगळी टीम हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचीच मला अजून चीड येते.

यादी मी केली होती. ऑफिसात नवे लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा निवडायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं, कारण टीममध्ये सतत फिरणारी मी एकटीच. कोल्हापूर, नाशिक, लोणी काळभोरच्या पुढचे कारखाने. तिथल्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचे, अडले की तिथंच बसून सोडवायचे. माझ्याकडचा लॅपटॉप कुणीतरी नोकरी सोडताना ठेवून गेलेला. चार्जरसकट साडेतीन किलो. एसटीनं कात्रजचा बोगदा ओलांडला की बॅटरी संपलीच. मग कारखान्यात प्लग सापडेल तिथं मी फरशीवर बसते. माणसं माझे पाय ओलांडून जातात.

म्हणून मी मन लावून शोधलं. तीन संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून तुलना केली, दुकानात जाऊन कीबोर्डवर बोटं चालवून पाहिली. वजन सव्वा किलो. बॅटरी दिवसभर टिकणारी. मेमरी आधीच जास्त घेतलेली, कारण या हलक्या लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. यादीत टीममधल्या अकरा जणांची नावं लिहिली, शेवटचं माझं.

यादी मंजूर होऊन आली तेव्हा नावं दहा होती. मी कंत्राटावर आहे, म्हणून. ते दहा जण टेबल सोडून कुठंही जात नाहीत. त्यांचे सव्वा किलोचे लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडले गेले आणि तिथंच राहिले.

मी विचारायला गेले, तेव्हा सर ते बोलले. माझे बाबा यवतमाळकडच्या बाजार समितीत हमाल आहेत, हे मीच त्यांना मुलाखतीत सांगितलं होतं. अभिमानानं सांगितलं होतं. त्या दुपारी मात्र मला बाबांची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली.

संध्याकाळी बाबांना फोन केला. झालेलं सांगितलं नाही. पोतं फार जड आलं तर काय करता, एवढंच विचारलं.

"पन्नास किलोच्या वर असलं तं आमी हातच नाही लावत," बाबा म्हणाले. "मालक बोंबलते थोडा वेळ. मंग दोन पोते करते. तू जेवली काय?"

जेवले नव्हते. जेवले म्हणाले.

सकाळी सरांनी सांगितलं, सोमवारी कोल्हापूर. मी माझा जुना लॅपटॉप चार्जरसकट त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, हमालाला ओझ्याची सवय असते, खरं आहे. नाही म्हणायचीही असते."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा पुसला.

"तुमचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय, लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. मी फार थकले आहे, पण तो लॅपटॉप मी परत उचललेला नाही. कोल्हापूरला जाईन ते अकरावा लॅपटॉप घेऊनच. नाहीतर दुसरीकडे मुलाखत देईन, आणि तिथंही पहिल्याच वाक्यात सांगेन की माझे बाबा हमाल आहेत.