ग्लासात काय आहे, हे विचारणाऱ्या मालतीताई

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापक म्हणून रुजू झालो आणि त्याच आठवड्यात आमच्या चित्रपट मंडळाच्या खेळाला गेलो. चित्रपट संपला, दिवे लागले. पुढच्या रांगेतून एक प्राध्यापिका उठल्या आणि त्यांनी प्रेक्षकांना विचारले, "खलनायकाच्या ग्लासात काय होतं?"

कोणी म्हणाले दारू, कोणी वाइन.

"ते कथेत झालं हो. शूटिंगच्या वेळी काय होतं?"

त्या रसायनशास्त्राच्या प्रा. मालतीताई देवरे. त्यांचा पहिला परिचय मला असा झाला.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावले, तेव्हा टेबलावर कोकम सरबत, जांभळाचा रस आणि कोरा चहा ग्लासांत भरून ठेवला होता. मागे दिवा लावून त्या एकेक ग्लास कॅमेऱ्यातून पाहत होत्या. जांभूळ काळे दिसते, कोकम हुबेहूब वाइन वाटते, असा निष्कर्ष निघाला. मग ते सगळे आम्ही पिऊन टाकले.

हे कुतूहल पुढे खोल गेले. आपल्या चित्रपटांत ग्लास हातात आला की माणूस बिघडलेला समजायचा. परदेशी चित्रपटांत मात्र तीच वाइन आजी-नातवंडांच्या जेवणात कशी, हे त्या शोधत राहिल्या. विद्यार्थ्यांना सांगत, "ग्लास कोण भरतं, यापेक्षा तो खाली कधी ठेवला जातो ते बघा. तिथं माणूस खरं बोलायला लागतो."

या अभ्यासाचा कस लागला तो दोन हजारनंतर. पिंपळगाव बसवंतच्या संपतराव मोरे यांनी वाइनच्या द्राक्षांची बाग लावली होती. त्यांची मुलगी अर्चना ही ताईंची विद्यार्थिनी. वणीकडे तिचे लग्न ठरत आले होते आणि मुलाचे वडील निवृत्तीअण्णा अडून बसले. "दारूची शेती करणाऱ्याची पोर आमच्या घरात नको." अर्चनाने हे रडत रडत ताईंना सांगितले. ताईंनी अण्णांना चहाला बोलावले. मीही होतो.

ताईंनी व्हीसीआर लावला. द्राक्षे पिकवणाऱ्या एका परदेशी कुटुंबाचा चित्रपट होता. अण्णा हाताची घडी घालून बसले. पडद्यावर गारा पडू लागल्या, म्हातारा शेतकरी झोडपलेल्या वेलींत उभा राहिला, तेव्हा अण्णा पुढे सरकले.

"ह्यांच्याकडं बी गारा पडत्यात?"

"पडतात, अण्णा."

पुढच्या प्रसंगात त्या घरची माणसे मुकाट्याने जेवत, वाइन पीत बसली होती. अण्णांनी ताईंकडे वळून थेट विचारले, "बाई, तुम्ही घेता का?"

"नाही. माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. दारूचा खराखुरा ग्लास दिसला की अजून मी तिथून उठून जाते. तुमची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. पण संपतरावांच्या घरात दारू नाही. तिथं द्राक्षं आहेत."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हते. ज्या गोष्टीने घर पोळले, तिच्याकडे डोळे न मिटता ताई पाहत आल्या होत्या.

अण्णांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "पोरीला बोलवा. तिचं तिच्या तोंडून ऐकतो."

अर्चना आतच होती. बाहेर येऊन तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मला बाबांच्या बागेची लाज वाटत नाय. तुम्हाला वाटणार असेल, तर हे लग्न नको."

"लय धीट हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या घरात बाटली येणार नाय, पण तू ये."

त्या लग्नात ताई मुलीच्या बाजूने, मामीच्या मानाने उभ्या होत्या.

आता ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गेल्या महिन्यात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. भेटायला गेलो तर जुना चित्रपट लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हिची साडी निळी आहे! मी इतकी वर्षं हिरवी समजत होते. आता सगळे पुन्हा बघावे लागणार."

ताई, सगळे पुन्हा बघा. त्यासाठी लागेल तेवढे आयुष्य, धडधाकट शरीर आणि हीच स्वच्छ नजर तुम्हाला लाभो. शेजारची खुर्ची मात्र आमच्यासाठी राखून ठेवा.