भाऊजींचा बोलका बूट

प्रजासत्ताक दिन, सकाळ, अकोल्यातल्या शाळेचं मैदान. हजर: ताई, मी, भाऊजी आणि भाऊजींचा उजवा बूट. बुटाची हजेरी वेगळी लावावी लागते, कारण तो बोलतो.

पाय आपटण्यात आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात जन्मलेला नाही. ताईच्या या यजमानांनी याच शाळेत जन्मभर कवायत शिकवली. निवृत्तीनंतर अमरावतीला आमच्या शेजारी राहायला आले तरी भाजीबाजारात ते ‘थांब’ची आज्ञा मिळाल्यासारखे थांबत, आणि पाय असा आदळे की टोपलीतली संत्री दचकत. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेली तेव्हा वाटलं, आता तरी हे कमी होईल. ते दुप्पट झालं! अंगठ्याखाली जखम झाली. ‘‘पुन्हा चिघळली तर पाय वाचवणं कठीण,’’ डॉक्टरांनी बजावलं. मग चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने बुटात एक चकती बसवली. त्या जागी भार जास्त पडला की ती ‘पीं’ करायची.

झालं, घरभर पींपीं सुरू. भाऊजी बेहद्द खूश. ‘‘पाय सापडला ना वं माहा! वाजते म्हणजे जमिनीवर टेकून राहिला!’’ तळव्याला जमीन जाणवतच नव्हती. आधी ते आपटून ऐकायचे, आता वाजवून. ताईने कपाळाला हात लावला. मी विचारलं, ‘‘भाऊजी, मैदानावर तुमची शिट्टी कोणासाठी वाजायची?’’

‘‘चुकते त्याच्यासाठी,’’ म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

तेव्हापासून ते मांजरासारखे चालू लागले. स्वयंपाकघरात मागे येऊन उभे राहत आणि मी किंचाळले की विचारत, ‘‘कशी होती चाल?’’

एवढी तालीम त्या सकाळसाठी होती. शाळेने झेंडावंदनाला बोलावलं होतं. भाऊजींनी मैदान ओलांडलं, बूट गप्प. झेंड्यापुढे थांबताना मात्र जन्माच्या सवयीने उजवा गुडघा वर गेला. ताईने माझं मनगट आवळलं. पाय क्षणभर हवेत राहिला, आणि वाळवणाच्या साडीवर ओला पापड ठेवावा तसा अलगद खाली आला. सलाम. बूट गप्प.

परत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘‘टेकला होता ना वं? मले तर काहीच समजलं नाही.’’

‘‘टेकला, भाऊजी. मी पाहिला.’’

त्यांचे नाल ठोकलेले जुने बूट कुणाला तरी देऊन टाकायचं काम ताईने माझ्यावर सोपवलं. मी कामं लोंबकळत ठेवत नाही. त्याच रविवारी पिशवी घेऊन गेले. भाऊजी ते बूट मांडीवर घेऊन पॉलिश करत बसले होते. पिशवी घडी करून परत आणली. तेवढं काम राहिलं आहे.