आधी नळाला हात

या, असे जवळ येऊन बसा. दारात चपला घालून अर्धवट ऐकायचं आणि मध्येच "काकू, हे कोण?" म्हणून विचारायचं, ही खोड आधी सोडा बघू. एका गृहस्थांबद्दल सांगायचंय. नाव सांगणार नाही, त्यांना आवडायचं नाही.

आमच्याकडे आले की ते सरळ स्वयंपाकघरात शिरायचे, ओट्यावरच्या नळाला हात लावायचे आणि मगच बिघडलेल्या वस्तूपाशी बसायचे. रेडिओ असो, टीव्ही असो. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, तहानलेत बिचारे, मागायला लाजतायत. मी भांडंभर पाणी पुढे केलं. ते मुकाट्याने प्याले. तेव्हापासून दहा-बारा वर्षं हाच रिवाज. त्यांनी नळाला हात लावायचा, मी पाणी द्यायचं.

डोंबिवलीतल्या एका केमिकल कारखान्यात ते मीटर दुरुस्तीच्या खात्यात होते. शुक्रवारी कारखाना बंद. मग आमच्या सोसायटीतली सगळी मुकी यंत्रं शुक्रवारची वाट बघायची. कुठल्याही यंत्राला कान लावून ते म्हणायचे, "मेलेलं नाही हो. विसरलंय."

मी चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, पुस्तकं बघून, चुकतमाकत. घरी मराठी टायपिंगची कामं घ्यायचे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, असलं काहीबाही. दोन हजार साल तोंडावर आलेलं, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकांनी दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे दिल्या. छापखान्यात न देता घरात बसून काम करणाऱ्या बाईकडे. सोमवारी सकाळी द्यायच्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या.

त्यात कॉम्प्युटरच्या दुकानदाराने एक फ्लॉपी दिली. म्हणाला, दोन हजार साल उजाडलं की जुनी मशीनं तारखांत गोंधळतील, आतल्या चिपमधला मजकूर बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम. मी बसले बदलायला. आणि वार कोणता? शुक्रवार. कारखाने बंद, म्हणून दुरुस्तीसाठी आमच्याकडची लाईट शुक्रवारीच घालवतात, हे डोंबिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. मला कामाच्या नादात आठवलं नाही. मजकूर अर्धा बदलला आणि लाईट गेली.

दुपारी आली तेव्हा मशीनचा पंखा फिरतोय, पडदा काळा ठिक्कर. दुकानदाराला फोन केला. "बोर्ड बदलावा लागेल, ताई. मुंबईहून यायला दहा दिवस."

"शाळेला कळवून टाक," आमचे हे म्हणाले. "उगाच त्यांचा खोळंबा नको."

मी म्हटलं, थांबा जरा. आणि खालच्या मजल्यावर त्या गृहस्थांकडे निरोप धाडला.

ते आले. नळ झाला, पाणी झालं. मशीन उघडून बराच वेळ बघत बसले. "पंखा फिरतोय ना? मग मेलेलं नाही. सकाळी उठल्यावर तू कोण, हे याला सांगणारी एक चिप असते. तिचंच अर्धं पुसलं गेलंय. असंच मशीन आणखी कोणाकडे आहे, वहिनी?"

ठाकुर्लीला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या बाईंकडे होतं, आम्ही दोघींनी एकदमच घेतलेलं. माझी चिप डबीत घालून, ती फ्लॉपी घेऊन आम्ही निघालो. "शिवणाचा पक्का दोरा घ्या," एवढंच ते बोलले.

तिथे त्यांनी बेत सांगितला. बाईंचं मशीन सुरू करायचं, चालू असतानाच त्यांची चिप काढायची, तिच्या जागी माझी बसवायची आणि तिच्यात फ्लॉपीवरचा मजकूर पुन्हा भरायचा.

"चालू मशीनमधून?" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "काका, माझं पण गेलं तर? सोमवारी माझी नवी बॅच आहे."

"एकदा जागं झालं की दिवसभर तू कोण, म्हणून कोणी विचारतं का? तुमची चिप तेव्हा आपलं काम संपवून नुसतीच बसलेली असणार."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी शाळेला शब्द दिलाय गं." त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली.

"नळ कुठाय?" काकांनी विचारलं. हात लावून आले, तोवर मी सवयीने पाणी आणलं. तेव्हा पहिल्यांदा हसले. "वहिनी, मला तहान नसते. अंगातली वीज चिपला लागू नये, म्हणून नळाला हात लावतो. लोखंडी पायपातून ती जमिनीत जाते."

"मग इतकी वर्षं प्यालात कशाला?"

"तुम्ही दिलंत म्हणून." आणि तेही पाणी पिऊन टाकलं.

मशीन सुरू करण्याआधीच त्यांनी दोरा चिपखालून ओवून ठेवला होता. दोन्ही टोकं धरून हलकेच वर उचलली. चिप सरळ वर आली, मशीन चालूच. माझी चिप बसवली. मजकूर भरेपर्यंत बाई वर ट्यूबलाईटकडे बघत होत्या आणि मी बाईंकडे. लाईट गेली नाही. मग ज्याची चिप त्याला. बाईंचं मशीन आधी सुरू करून दाखवलं, मगच निघालो.

घरी येऊन मी बटण दाबलं. एकदाच 'टुक्' झालं. पडदा उजळला, आणि जरा वेळाने माझी अक्षरं समोर. 'प्रश्न पहिला.' आमच्या ह्यांनी न सांगता चहा टाकला.

सोमवारी साडेसातला सगळ्या प्रश्नपत्रिका मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होत्या. पुढे सगळ्या परीक्षांचं काम माझ्याकडेच आलं. आणि तो दुकानदार? महिन्याभरात पिशवीभर मुके बोर्ड घेऊन काकांच्या दारात उभा. "मेलेत का बघा ना जरा." काका म्हणाले, "शुक्रवारी या."

निवृत्त होऊन ते गुहागरकडे गावी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खालच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड आहे. सोसायटीने सगळे पाइप बदलले, माझ्या ओट्यावर आता प्लॅस्टिकचा नळ आहे. त्यातून वीज उतरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत, काका. पण नुसतं पाणी प्यायला यायला काय हरकत आहे? लवकर या. शुक्रवारच पाहिजे असं नाही.