आईच्या बिनखिळ्यांच्या चपला

आईच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि दोन दिवस तिला ते कळलंच नाही.

आज आई जाऊन वर्ष झालं. तिच्या पायांबद्दल आम्ही घराबाहेर कधी उघड बोललो नाही. आज लिहिते.

साठच्या दशकातलं आमचं गाव, धामणगाव बढे. मी तेव्हा पाळण्यात, म्हणजे हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलेलं.

तिला कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी रोग आटोक्यात आला, पण तळपाय बधिर झाले ते झालेच.
वांग्याच्या मळ्यात ती अनवाणी काम करायची. सगळ्याच बाया करायच्या.

काट्याची जखम चिघळली.

सरकारी दवाखान्याचे एक कर्मचारी सायकलवर गावोगाव गोळ्या द्यायला यायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची. जखम पाहून ते म्हणाले,
"बाई, अशाच चालत राह्यल्या तं पाय कापावा लागंल."

"अन् नाई चालली तं?"

"तं भरंल. पण महिनाभर पाय भुईले टेकवाचा नाई. दुखत नाई म्हणून उठाचं नाई."

"नाई उठत," आई म्हणाली.

ऐन तोडणीचे दिवस. बाबा दिवसभर मळ्यात. शेजारणी येऊन आजोबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, सांगायच्या, "माहेरी धाडून द्या तिले."
आजोबांनी धाडलं नाही.

आई बसल्या बसल्या सरकत चुलीपाशी जायची, भाकरी थापायची, सरकत परत यायची. जुन्या लुगड्याच्या उकळलेल्या धडप्याची पट्टी रोज स्वतः बदलायची. आरसा धरून दोन्ही तळवे पाहायची.

पाचव्या आठवड्यात जखम भरली.
पाय कापणं टळलं.

मग भाऊंनी गावातल्या चांभारकाकांकडून मऊ रबराच्या चपला शिवून घेतल्या. एकही खिळा नाही. खिळा वर आला असता तरी तिला कळलं नसतं.

पण आमच्याकडे सून सासऱ्यासमोर चप्पल घालत नसे.

पहिल्याच सकाळी आई डोक्यावर पदर घेऊन, चपला घालून, ओट्यावरच्या आजोबांसमोरून निघाली.

"काऊन वं, लाज सोडली काय?"

आई थांबली. घाबरलेली होती, असं ती सांगायची.
"लाज हाय, मामाजी. पण मले माहे पाय शाबूत ठेवाचे हायेत."

आणि गेली.
दुसऱ्या दिवशीही तशीच. रोज तशीच.

काही महिन्यांनी चपलेचा पट्टा तुटला. त्या दिवशी आई उंबऱ्याबाहेर पडली नाही.
आजोबांनी विचारलं, "मळ्यात काऊन नाई गेली?"
तिनं तुटलेला पट्टा दाखवला.

आजोबा उठले. दोन्ही चपला हातात घेतल्या आणि भर बाजारातून चांभाराकडे निघाले.

पारावरून कुणीतरी हाक मारली, "काय हो, सुनेच्या चपला?"

"हाव," आजोबा म्हणाले. "तिले मळ्यात जाचं हाय."

आई शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली.

आई, तू हट्टी होतीस.
तुझ्या हट्टाला मनापासून नमस्कार.