आमेनला झालेला उशीर

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिला. त्यामुळे चर्चच्या मंडळीतही माझी बढती झाली. चर्चला येऊ न शकणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींकडे दर गुरुवारी जाऊन पवित्र शास्त्र वाचायचं आणि प्रार्थना करायची, हे काम पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर माझ्यावर सोपवलं. वडील गिरणीत कामाला होते. त्या दिवशी ते घरापर्यंत जरा ताठच चालले. मीही.

मावशी पूर्वी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. आता विणकरांच्या एका चाळीत एकट्या राहायच्या. मोतीबिंदूमुळे अक्षर दिसेना, गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या चढवेनात. मी कर्तव्य फारच मनावर घेतलं. आदल्या दिवशी वहीत प्रार्थनेचे मुद्दे काढायचो: आजारी, परीक्षेला बसलेले, सरकार, पाऊस. प्रार्थना जितकी लांब तितकी कळकळ जास्त, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

ते दुष्काळाचे दिवस होते. चाळीच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही जेमतेम अर्धा तास. एका गुरुवारी मी गेलो तेव्हा मावशी घागर घेऊन उंबऱ्याशीच बसल्या होत्या.

"सलाम, मावशी."

"सलाम, बाळ. आज जरा आटप हं. पिंपात थेंब न्हाय, आन् पान्याची येळ झाली."

मी "हो" म्हणालो. ते मनापासूनच म्हणालो असेन. अध्याय खरंच छोटा वाचला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

आमच्या मंडळीत एकदा प्रार्थना सुरू झाली की डोकं खाली, डोळे बंद. आमेन होईपर्यंत कुणी उठत नाही. मावशी तर या शिस्तीत उभा जन्म मुरलेल्या. मी परीक्षेला बसलेल्यांपर्यंत आलो आणि बाहेर घागरींचा खणखणाट झाला. बायकांची तेलुगूत, मराठीत हाकाटी सुरू झाली. सैतान लक्ष विचलित करतो, हे मला शिकवलेलं होतं, म्हणून मी आवाज चढवला. मावशी खोकल्या. मी त्यांच्या खोकल्यासाठीही प्रार्थना जोडली. त्यांच्या पायाकडून घागर सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, मांजर असेल. मग सरकार झालं आणि पाऊस आला. पावसासाठी मी बराच वेळ घेतला.

आमेन म्हणून डोळे उघडेपर्यंत मावशी जमेल तेवढ्या घाईनं नळाकडे निघाल्या होत्या. मीही मागे धावलो. नळ नुसताच सुस्कारत होता.

"मावशी, हाका मारून मारून घसा सुकला की माझा!" शेजारची विणकरीण म्हणाली. तिचं सगळं भरून झालं होतं. "आत भजन चाललंतं का?"

"भजन न्हाय गं, प्रार्थना. कॉलेजातली हाय, जरा लांब असती."

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण घागर त्यांनी रिकामीच उचलली. पाणी आता परवा.

"मी आणतो," असं मी म्हणून बसलो. कुठून, ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरी पाणी आई आणि बहीण भरायच्या. ते कुठून येतं, हे विचारण्याची पाळी माझ्यावर आलीच नव्हती. रंगाच्या कारखान्यामागं विहीर आहे, हे शेवटी त्या शेजारणीनंच सांगितलं.

विहिरीवर रांग बायकांची. मी दोन घागरी घेऊन पुस्तकातल्यासारखा सभ्य उभा राहिलो.

"नवी सून कुनाची गं ही?" एकीनं विचारलं.

"तोंड बघून तर माहेरी निघाल्यावानी दिसतीया," दुसरी म्हणाली.

माझी पाळी आली. पोहऱ्यानं अर्धं पाणी विहिरीला परत केलं आणि पाव माझ्या चपलांना दिलं. शेवटी एका बाईनं माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि बघता बघता दोन्ही घागरी भरून दिल्या. डोक्यावर घ्यायला जमेना, म्हणून एक खांद्यावर घेतली, एक हातात. वाटभर मी पुटपुटत होतो, "देवा, सांडू देऊ नको. देवा, सांडू देऊ नको." ही प्रार्थना मुद्दे न काढता आली होती. तरी सांडलंच.

दुसरी खेप ओतल्यावर पिंप अर्ध्याच्या जरा वर गेलं. मावशींनी हात बुडवून पाणी कुठवर आलं ते पाहिलं. मला फार भरून आलं. आता उपकारस्तुती करावी म्हणून मी मान खाली घातली, डोळे मिटले.

"बाळ, झाकण ठिव आधी. कचरा पडंल."

मी झाकण ठेवायला वाकलो, तेवढ्यात त्यांनी तांब्या बुडवून माझ्यापुढे धरला. मी नको म्हणालो. इतक्या खटपटीनं आणलेलं पाणी मीच पिणं मला बरं दिसेना.

"पी की. तोंड सुकलंय तुझं. नुसतं दुसऱ्याला द्यायलाच आलास व्हय?"

मी तांब्या तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत प्यालो. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, पिंपावर पालथा घातला आणि म्हणाल्या, "परवा नळ यायच्या आधी ये. वही आनू नको."