चरबीचे शास्त्री

कुलुपं दुरुस्त करणाऱ्या भाऊजींना ठासणीच्या बंदुकीचा भारी नाद. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, मग चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीवर गोळी ठेवून गजाने ठासायची, असला तो खटाटोप! पण त्यांचा सगळा जीव त्या चरबीत. मेण किती, तेल किती, यावर हा माणूस जेवण गार होईपर्यंत बोलायचा. चकत्यांपायी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, उशांचे नवे अभ्रे गेले, चरबी वितळवण्यात दुधाचं पातेलंही बाटलं.

नेमबाजी क्लबाच्या निवड चाचणीचा दिवस आला; नेम चुकला तर संघातून नाव कटणार होतं. अभ्र्यांचं काय चीज होतंय ते बघायला वहिनी मुद्दाम गेल्या.

भाऊजी बंदूक भरता भरता शेजारच्या शिंप्याला शिकवत होते. "तुमची चकती कोरडी ठणठणीत! बोटाला नुसता ओलावा लागला पाहिजे. हे बघा, अशी!"

"अहो, पण..." वहिनी म्हणाल्या.

"मध्ये बोलू नकोस गं!"

गोळी ऐटीत ठासली, नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिक्!

"चरबी जास्त झाली का हो?" शिंप्याने साळसूदपणे विचारलं.

"चरबी बरोब्बर आहे!" भाऊजी उखडले.

"आहेच की," वहिनी म्हणाल्या, "दारू तेवढी घालायची राहिली. तेच सांगत होते."

भाऊजींच्या जागी संघात शिंपी गेला. सगळ्यांसमोर भाऊजींना अडकलेली गोळी उपटून काढावी लागली. ती अलगद बाहेर आली, तर हा माणूस मान ताठ करून म्हणतो कसा, "बघितलंत? याला म्हणतात चरबी!"